उणे वीसमधली कॉर्डलेस मशीनं : आधी ऊब, मग चार्जर

साताऱ्यात काम करायचो तेव्हा बॅटरीला उन्हापासून जपायची सवय होती. मे महिन्यात पॅक गाडीत राहिला की दुपारी हात लावू देत नसे. कॅनडातल्या कॅलगरीत आल्यावर पहिल्या हिवाळ्यात वाटलं, बरं झालं, आता बॅटरीची काळजी मिटली. चारही पॅक रात्रभर गाडीतच ठेवले. सकाळी उणे २४. फाटकाच्या बिजागरीचे तीन स्क्रू बसले आणि चौथ्याला इम्पॅक्ट ड्रायव्हरनं मान टाकली. मग सगळे करतात तेच मी केलं. पॅक काढला आणि थेट चार्जरला लावला, तोही गाडीतल्या इन्व्हर्टरवर, बाहेरच्या थंडीतच. चार्जर जुना, स्वस्तातला होता. त्यानं काही कुरकुर न करता चार्ज करून दिलं. असं महिनाभर चाललं. मार्चमध्ये बर्फ वितळलं, पण ते दोन पॅक काही पूर्वीसारखे झाले नाहीत. जिथं शंभर स्क्रू मारायचे, तिथं चाळीस-पन्नासावर बसायला लागले.

त्या पॅकांना थंडीनं मारलं नव्हतं. गारठलेल्या अवस्थेत चार्ज करून मी मारलं होतं. कॅनडात, अमेरिकेत, युरोपात राहणारे आपले लोक आता घरचं डेक, कुंपण, बेसमेंट स्वतः करतात, आणि दर डिसेंबरात मला तेच फोन येतात: "बॅटरी गेली, नवीन कुठली घेऊ?" बहुतेक वेळा बॅटरी गेलेली नसते. क्रम चुकलेला असतो. म्हणून तो क्रम इथे नीट लिहून ठेवतो.

सुरुवात करण्याआधी एवढं कळलं पाहिजे

कॉर्डलेसच्या १८ व्होल्टच्या पॅकमध्ये ३.६ व्होल्टचे पाच लिथियम-आयन सेल एकापाठोपाठ जोडलेले असतात. पूर्ण भरल्यावर प्रत्येक सेल ४.२ व्होल्टवर जातो, म्हणून त्याच पॅकवर काही कंपन्या '२० व्होल्ट मॅक्स' छापतात. दोन्ही एकच. दुकानात यावरून गोंधळू नका.

थंडीत सेलच्या आतला द्रव घट्ट होतो, लिथियमच्या आयनांची ये-जा मंदावते आणि सेलचा अंतर्गत रोध वाढतो. हिशेब करून बघा. भरलेल्या पॅकचे २० व्होल्ट धरा. छोट्या २ ॲम्पिअर-अवरच्या (हे चार्ज साठवायच्या क्षमतेचं माप) पॅकचा रोध खोलीच्या तापमानाला ०.१ ओहम धरा. मोठा स्क्रू मारताना मशीन ३० ॲम्पिअर ओढतं असं धरा. म्हणजे ३ व्होल्ट आतल्या आत पडले, मशीनला १७ मिळाले, काम झालं. गारठ्यात तोच रोध तिप्पट झाला तर ९ व्होल्ट पडतात. मशीनला उरतात ११. पाच सेलांत वाटले तर एका सेलच्या वाट्याला २.२. इतक्या खाली गेल्यावर पॅकमधलं संरक्षण सर्किट दार बंद करतं आणि आपण म्हणतो बॅटरी उतरली. चार्ज आतच असतो, फक्त बाहेर येत नाही. पॅक उबेला आला की परत मिळतो.

चार्ज करताना प्रवास उलटा असतो. आयनांना सेलमधल्या ग्रॅफाइटच्या थरांत शिरायचं असतं आणि गारठ्यात त्यांना तिथं लवकर शिरता येत नाही. मागून चार्जर ढकलत असतो. मग आयन आत जाण्याऐवजी वरच धातू होऊन चिकटतात. तो लिथियम पुन्हा पूर्णपणे कामाला येत नाही, पॅकची क्षमता कायमची घटते, आणि थर वाढत गेला तर आत शॉर्ट होण्याचा धोकाही असतो. वाईट म्हणजे बाहेरून काहीच दिसत नाही. पॅक गरम होत नाही, फुगत नाही, वास येत नाही.

म्हणून वापरण्याची मर्यादा आणि चार्जिंगची मर्यादा वेगळी. वापर उणे १५-२० पर्यंत रेटता येतो. चार्जिंगला कुठल्या पुस्तिकेत ० अंश, कुठे ५, कुठे १० ही खालची हद्द दिलेली असते. आपल्या पॅकची पुस्तिका काढा, तो आकडा शोधा आणि चार्जरवर मार्करनं लिहून ठेवा. पुस्तिका सापडत नसेल तर १० धरा. दोन तास जास्त थांबल्यानं कुणाचं नुकसान झालेलं नाही.

टप्पा १ : ऑक्टोबरात पॅकांची छाननी

पहिला बर्फ पडायच्या आधी एक संध्याकाळ काढा. सगळे पॅक टेबलावर मांडा आणि प्रत्येकावर मार्करनं नंबर घाला. हा नंबर पुढे फार उपयोगाला येतो, कारण सारखे दिसणारे चार पॅक असले की कुठला दगा देतो ते लक्षात राहत नाही.

घरात, खोलीच्या तापमानाला सगळे पूर्ण चार्ज करा. मग प्रत्येकानं एकाच लाकडात, एकाच मापाचे स्क्रू मारून बघा आणि मोजा. उबेत जो पॅक बाकीच्यांच्या निम्मं काम करतो, तो थंडीत बाहेर न्यायचाच नाही. त्याला घरातल्या टॉर्चला नाहीतर रेडिओला लावून टाका.

बाहेरच्या कामाला कुठला निवडायचा? मोठा. वजनाकडे बघून लोक २ ॲम्पिअर-अवरचा छोटा उचलतात आणि इथेच पहिली चूक होते. नेहमीच्या ५ ॲम्पिअर-अवरच्या पॅकमध्ये दहा सेल असतात, पाच-पाचच्या दोन रांगा. करंट दोन रांगांत वाटला जातो, त्यामुळे वरच्या हिशेबातली ९ व्होल्टची पडझड साडेचारवर येते. तीच थंडी, तेच मशीन, पण काम होतं. मोठ्या पॅकला गार व्हायलाही जास्त वेळ लागतो.

पॅकचे आणि मशीनचे संपर्क, म्हणजे त्या पितळी-तांब्याच्या पट्ट्या, कोरड्या कापडानं आणि जुन्या टूथब्रशनं साफ करा. कानस किंवा सँडपेपर लावू नका, वरचा मुलामा जातो.

तपासा : पॅक मशीनमध्ये सरकवल्यावर 'टक' असा आवाज येतो का? पॅक धरून ठेवणाऱ्या लॅचचं प्लास्टिक चिरलं असेल तर उन्हाळ्यात ते निभतं, उणे वीसमध्ये मोडतं, आणि शिडीवर उभे असताना अर्धा किलोचा पॅक खाली कुणाच्या तरी डोक्यावर जातो.

टप्पा २ : आदल्या रात्री

मशीन आणि बॅटरी यांची रात्रीची जागा वेगवेगळी. ही सवय लागली की निम्मी कटकट संपते.

बॅटऱ्या घरात. चार्जिंगही घरातच, गॅरेजमध्ये नाही. घराला चिकटलेलं गॅरेज उबदार वाटतं, पण हीटर नसेल तर जानेवारीत तिथं शून्याच्या खालीच पारा असतो. आणि चार्जिंगला लावून झोपायला जाऊ नका. संध्याकाळी लावा, झोपायच्या आधी काढा. बेसमेंटमध्ये लावत असाल तर लाकडी फळीवर, आजूबाजूला रंगाचे डबे, थिनर, कपड्यांचा ढीग काही नको.

मशीनं मात्र मी गॅरेजमध्येच ठेवतो. कारण टप्पा ६ मध्ये येईल, थोडक्यात सांगायचं तर रोज आत-बाहेर केलेल्या मशीनला घाम फुटतो. ज्यांना गॅरेज नाही त्यांनी मशीन आत आणावं, पण पिशवीत घालून.

थंडीची लाट आहे का ते बघून घ्या. जानेवारी २०२४ च्या मध्यावर आमच्या अल्बर्टा प्रांतात अशी लाट आली होती की १३ तारखेला संध्याकाळी सगळ्यांच्या मोबाइलवर वीज जपून वापरा म्हणून सरकारी इशारा वाजला. तसल्या दिवशी कॉर्डलेस काय, माणूसही बाहेर काढू नये. उणे २० च्या खाली मी बाहेरचं काम पुढे ढकलतो. गिऱ्हाईक रागावतं, रागावू दे.

टप्पा ३ : उबेचा डबा

बिअर गार ठेवायला जो जाड भिंतींचा आइसबॉक्स मिळतो, तोच बॅटरी उबदार ठेवतो. त्याला आत-बाहेरचं काही कळत नाही, तो फक्त उष्णता अडवतो. कामाच्या माणसाला यापेक्षा स्वस्त उपाय नाही.

माझा डबा असा भरतो:

१. तळाला जुना टॉवेल, दुहेरी घडी.

२. मधोमध शेकायची रबरी पिशवी. माझी आईनं साताऱ्याहून पाठवलेली आहे, कंबर शेकायला. पाणी आंघोळीचं, म्हणजे हाताला सहज सोसेल इतकंच, ४० अंशांच्या आसपास. उकळतं पाणी कधीच नाही. बूच घट्ट लावून पिशवी उलटी धरून बघायची, थेंब आला तर ती न्यायची नाही. वर एक जाड झिपवाली प्लास्टिकची पिशवी.

३. पिशवीवर टॉवेलची आणखी एक घडी, त्यावर पॅक. रबराला पॅक टेकता कामा नये.

४. प्रत्येक पॅकच्या तोंडावर प्लास्टिकचं झाकण. झाकण हरवलं असेल तर पॅक वेगळ्या कापडी पिशवीत. डब्यात सुटे स्क्रू, बिट, किल्ल्या काही टाकायचं नाही. एक स्क्रू दोन पट्ट्यांना आडवा पडला की शॉर्ट.

५. वरून टॉवेल, झाकण बंद. आत एक छोटा थर्मामीटर ठेवा, म्हणजे अंदाजपंचे कारभार नको. १५ ते २५ अंश असला की उत्तम.

अशा डब्यात माझे पॅक जेवणाच्या सुट्टीपर्यंत तग धरतात. दुपारी थर्मासमधलं पाणी कोमट करून पिशवी पुन्हा भरतो.

जपा : हातमोज्यांत घालायच्या त्या रासायनिक ऊब देणाऱ्या पुड्या बंद डब्यात टाकू नका. त्यांत लोखंडाची भुकटी असते, ती हवेतल्या ऑक्सिजननं तापते. बंद डब्यात हवा संपली की पुडी थंड, आणि डबा उघडा ठेवला तर ऊब कुठली राहायला! शिवाय पॅकला थेट चिकटली तर एकाच जागी फार तापवते.

डबा नसेल तर? जॅकेटच्या आतला खिसा. एकच पॅक मावतो, पण छोट्या कामाला पुरतो. जॅकेटच्या बाहेरच्या खिशात ठेवणारे खूप पाहिलेत. तो खिसा म्हणजे बाहेरची हवाच.

गाडीत हा डबा मात्र चालकाच्या बाजूला, केबिनमध्ये ठेवा. मागच्या उघड्या ट्रकमध्ये ठेवून तासभर हायवेवर गेलात तर एवढा खटाटोप वाया. आणि डॅशबोर्डच्या गरम हवेच्या झोतासमोर पॅक मांडून ठेवायचा मोह आवरा. बाहेरचं प्लास्टिक तापतं, आतला गाभा तसाच राहतो, आणि चार्जर या दोघांत फसतो. त्याबद्दल टप्पा ७ मध्ये.

टप्पा ४ : साइटवरची पहिली पाच मिनिटं

पॅक उबदार आहे, पण मशीन रात्रभर गारठलेलं आहे. गिअरबॉक्समधलं ग्रीस घट्ट झालेलं असतं. पहिल्याच फटक्याला मोठा भार दिला की मोटर ग्रीसशीच झुंजते आणि बॅटरीला भुर्दंड.

ड्रिल आणि इम्पॅक्ट ड्रायव्हर : आधी अर्ध्या मिनिटापर्यंत कमी वेगात, बिनभाराचं फिरवा. सुलट, उलट, पुन्हा सुलट. सुरुवातीला आवाज जड, घोगरा येतो, मग मोकळा होतो. तो बदललेला आवाज ऐकायचा आणि मगच कामाला लावायचं. घड्याळ बघायची गरज नाही.

सर्क्युलर सॉ : गार्ड हातानं मागे-पुढे करून बघा, पण त्याआधी पॅक काढलेला हवा. गार्डच्या खाचेत कालचा ओला भुसा गोठून बसलेला असतो आणि गार्ड परत मिटत नाही. करवतीचं पातं उघडं राहणं म्हणजे काय ते सांगायला नको.

रोटरी हॅमर : याला सर्वात जास्त वेळ द्या. ठोके देणारी यंत्रणा हवेच्या दाबावर आणि ग्रीसवर चालते, गारठ्यात ती ठोकेच देत नाही. नुसतंच फिरतं आणि लोक म्हणतात मशीन बिघडलं. हलकं दाबून दोन-तीन मिनिटं चालवा, ठोके आपोआप सुरू होतात.

चेनसॉ : साखळीचं तेल हिवाळी ग्रेडचं हवं. उन्हाळ्याचं तेल मधासारखं होतं, साखळीपर्यंत पोचत नाही, मग बॅटरी लवकर संपते आणि साखळी जिच्यावर फिरते ती पट्टीही जळते.

लेझर लेव्हलला विसरू नका. बऱ्याच लेव्हलची मर्यादा उणे १० च्या आसपासच असते. तो आपला खिशातच बरा, मोजायच्या वेळी बाहेर.

तपासा : ट्रिगर पूर्ण दाबून सोडला की तो लगेच बाहेर येतो का? अडकत असेल तर पॅक लगेच काढा. आत पाणी गोठलेलं आहे.

टप्पा ५ : काम चालू असताना

इथं एक गैरसमज इतका पक्का बसलेला आहे की माझ्या भाच्यालाही तो काढायला एक हिवाळा लागला. दर दहा मिनिटांनी पॅक बदलायचा, 'म्हणजे बॅटरीला विश्रांती मिळते'. उन्हाळ्यात ठीक. हिवाळ्यात उलटं. करंट वाहताना त्या अंतर्गत रोधामुळेच पॅक आतून तापतो. चालू कामात तो स्वतःची ऊब स्वतः तयार करतो. काढून बाहेर ठेवलात की तीही गेली. उणे २० मध्ये उघड्यावर ठेवलेला ५ ॲम्पिअर-अवरचा पॅक अर्ध्या-पाऊण तासात शून्याला येतो, वारा असेल तर त्याच्याही आधी.

म्हणून एक पॅक लावा आणि तो संपेपर्यंत तोच चालवा. बाकीचे डब्यात, झाकण बंद. चहाला, मोजमापाला, फोनला दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबणार असाल तर मशीनमधला पॅकही काढून डब्यात टाका.

कामांची मांडणीही अशी करा की जड काम सलग होईल. आधी सगळं मोजून, खुणा करून घ्या, मग सगळं कापा, मग सगळे स्क्रू. एक फळी मोज, एक काप, एक ठोक असं केलंत तर दर वेळी मशीन पुन्हा गारठतं.

ओलं लाकूड गोठलं की दगडासारखं होतं. दुकानातून ओलसर आलेली रसायन पाजलेली लाकडं हिवाळ्यात तशीच असतात. त्यात थेट मोठा स्क्रू घालायला जाल तर मशीन दुप्पट ओढतं, स्क्रूचं डोकं तुटतं नाहीतर बिटचं टोक. आधी पायलट होल, म्हणजे स्क्रूपेक्षा बारीक छिद्र, पाडा. एक छिद्र पाडायला दोन सेकंद लागतात, तुटलेला स्क्रू काढायला वीस मिनिटं.

"मामा, ही बॅटरी मेली," भाचा शिडीवरून म्हणाला. मेली नव्हती. अशा वेळी काय करायचं ते क्रमानं:

१. ट्रिगर सोडा, पॅक काढा, त्यावरच्या चार्ज दाखवणाऱ्या दिव्यांचं, म्हणजे निर्देशकाचं बटण दाबा. दोन-तीन दिवे दिसतात आणि तरी मशीन थांबतं, म्हणजे पॅक गार आहे. चार्ज आहे, जोर नाही.

२. एकच दिवा लुकलुकतोय? यावर विश्वास ठेवू नका. निर्देशक व्होल्टेजकडे बघून बोलतो आणि गारठ्यात व्होल्टेज खाली बसतं. पॅक डब्यात ठेवा, तासाभरानं पुन्हा बघा. एक दिवा असलेला पॅक दोनवर आलेला मी कितीदा पाहिलाय.

३. तासभर उबेत राहूनही एकच दिवा असेल तर तो खरंच उतरला. त्याला आजच्यापुरता बाजूला करा, मार्करच्या नंबरासकट लक्षात ठेवा.

४. गार पॅकला पुन्हा पुन्हा ट्रिगर दाबून छळू नका. दर वेळी संरक्षण सर्किट तोडतं, तुम्ही जोडता. त्यातून कामही होत नाही.

जपा : चार्जर घेत नाही म्हणून भरलेल्या पॅकच्या वायरी मेलेल्या पॅकला जोडून 'जागा' करायचे व्हिडिओ फिरतात. नका करू. चार्जर नको म्हणतोय तर त्याला काहीतरी दिसलेलं असतं.

टप्पा ६ : संध्याकाळी आत आणताना

हा टप्पा सगळ्यात जास्त चुकतो, कारण चूक आज होते आणि फटका उद्या बसतो.

एका गिऱ्हाईकाच्या घरी बाहेरची रेलिंग झाली आणि स्वयंपाकघरात एक कपाट लावायचं राहिलं होतं. बाहेर उणे १८, आत चुलीवर मोठ्या पातेल्यात काहीतरी शिजत होतं. ड्रिल तसंच आत नेलं. मिनिटभरात चकवर, म्हणजे बिट धरणाऱ्या तोंडावर, पांढरं दव साचलं, मग थेंब, मग चकमधून पाण्याची बारीक धार ओट्यावर. वरून पुसलं, कपाट लावलं, ड्रिल गाडीत टाकलं. आतला ओलावा कोण पुसणार! दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रिगर दाबला आणि तो दाबलेलाच राहिला. आतलं पाणी गोठलं होतं. हातात फिरणारं ड्रिल, सुटता सुटेना. पॅक ओढून काढला तेव्हा थांबलं.

तेव्हापासून हा क्रम:

१. बाहेरच, गारठ्यातच, मशीनवरचा बर्फ आणि भुसा ब्रशनं झाडा. हवेच्या खाचांत अडकलेला बर्फ विशेषतः. आत गेल्यावर त्याचं पाणीच होणार आहे.

२. पॅक काढा.

३. मशीन आणि पॅक वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत घाला, जमेल तेवढी हवा दाबून काढा, तोंड बांधा. हे बाहेर असतानाच करायचं. आत आल्यावर पिशवीत घालण्यात काही अर्थ नाही.

४. पिशव्या आत आणा आणि तशाच बंद ठेवा. दव आता पिशवीच्या बाहेरच्या अंगावर धरेल, मशीनवर नाही.

५. पिशवी बाहेरून कोरडी आणि हाताला गार न लागणारी झाली की उघडा. ड्रिलला तास-दीड तास, रोटरी हॅमरसारख्या जड मशीनला तीन-चार तास.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बाहेरच काम असेल तर मशीन आत आणूच नका. गारठलेलं, कोरडं मशीन रात्रभर काही मागत नाही. कॅलगरीकरांनी शिनूकची मात्र दखल घ्यावी. तो डोंगरावरून उतरणारा कोरडा, गरम वारा काही तासांत पारा वीस अंशांनी वर नेतो. वारा कोरडा असला तरी गॅरेजमधल्या बर्फाचं पाणी होतं आणि गार मशीनवर दव धरतं. शिनूक आला की मशीनं जमिनीवरून उचलून फळीवर ठेवा आणि एकदा पुसून घ्या.

टप्पा ७ : आता चार्जिंग

पॅक घरात आला, पिशवीत आहे. चार्जरला हात लावायचा नाही.

साध्या खोलीत, लाकडी टेबलावर, उणे २० मधून आलेल्या ५ ॲम्पिअर-अवरच्या पॅकला किमान दोन तास द्या. १२ ॲम्पिअर-अवरचे ते विटेएवढे पॅक असतील तर चार. मी जेवण, भांडी, भारतातला एक फोन आटोपतो, मग खाली जातो.

आता फसवणुकीची गोष्ट. चांगल्या चार्जरमध्ये पॅकचं तापमान बघायची सोय असते, पॅक गार असला तर दिवा वेगळ्या पद्धतीनं लुकलुकतो आणि चार्जर वाट बघत थांबतो. तो लुकलुकाट बघून 'चार्जर खराब झाला' म्हणून परत करायला निघालेले लोक भेटलेत मला. खराब नाही, शहाणा आहे. पण त्याला तापमान कळतं ते पॅकमधल्या एका छोट्या सेन्सरकडून, आणि सेन्सर एकाच ठिकाणी असतो. तुम्ही पॅक गरम हवेच्या जाळीवर ठेवला, हेअर ड्रायर मारला, हीटरसमोर धरला, तर सेन्सर म्हणतो झालं गरम. गाभ्यातले सेल अजून शून्याखाली. चार्जर सुरू होतो, आणि ज्यासाठी हा सगळा लेख लिहिलाय तेच होतं.

गाभा उबेला आला का ते कसं ओळखायचं? पॅकचं बाहेरचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरनं बघा. मग पॅक टॉवेलात गुंडाळा, पंधरा मिनिटं थांबा, उघडून लगेच पुन्हा बघा. आकडा खाली आला असेल तर आत अजून गारठा आहे, तो बाहेरची ऊब ओढून घेतोय. आकडा तसाच राहिला तर लावा चार्जरला. थर्मामीटर नसेल तर टॉवेलातून काढलेला पॅक गालाला लावून बघा. हसू नका, बोटांपेक्षा गालाला चांगलं कळतं, विशेषतः दिवसभर हातमोज्यांत राहिलेल्या बोटांपेक्षा.

जपा : मायक्रोवेव्ह, ओव्हन, गरम पाण्यात बुडवणं, इंजिनावर ठेवणं, यांतलं काहीही नाही. आणि फुगलेला, चिरलेला किंवा गोडसर वास येणारा पॅक उबेला आला तरी चार्ज करायचा नाही. पट्ट्यांवर चिकटपट्टी लावून जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्या केंद्रावर द्या, इथं हार्डवेअरच्या मोठ्या दुकानांतही त्यासाठी पेटी असते. घरच्या कचऱ्यात नाही.

ज्यांना साइटवर वीज आहे पण उबदार खोली नाही, लेहसारख्या ठिकाणी ही अडचण नेहमीची, त्यांनी साइटवर चार्जिंगचा नाद सोडावा. दोन पॅक जास्त घेणं शेवटी स्वस्त पडतं. निफाड-महाबळेश्वरकडच्या वाचकांना एवढ्या लवाजम्याची गरज नाही. तिथल्या थंडीत मशीन आरामात चालतं. फक्त शेडमधला चार्जर पहाटे लुकलुकत राहिला तर पॅक घरात आणा आणि ऊन वर येऊ द्या.

टप्पा ८ : महिनोन्‌महिने वापरणार नसाल तर

बरेच जण नोव्हेंबरात मशीनं बंद करून थेट एप्रिलात उघडतात. त्यांच्यासाठी:

पॅक मशीनमधून काढा, चार्जरवरूनही काढा. पूर्ण भरलेला ठेवू नका, पूर्ण रिकामा तर मुळीच नाही. चारपैकी दोन दिवे. बेसमेंटमधली कोरडी फळी ही उत्तम जागा. दोन-तीन महिन्यांनी बटण दाबून बघा, एकावर आला असेल तर थोडा चार्ज करा. रिकामा पॅक तसाच पडून राहिला की व्होल्टेज इतकं खाली जातं की चार्जर त्याला ओळखही देत नाही.

आणि समजा विसरलात, पॅक जानेवारीभर गाडीच्या सीटखाली राहिला. लगेच कचऱ्यात टाकू नका. थोडा चार्ज असलेल्या पॅकचं नुसत्या गारठण्यानं सहसा फारसं बिघडत नाही. पिशवीत घालून आत आणा, रात्रभर टेबलावर ठेवा, सकाळी दिवे बघा, मग चार्जर. माझ्याकडचा सात नंबरचा पॅक असाच एकदा तीन आठवडे बर्फाखालच्या टूलबॉक्समध्ये पडून होता. आजही रेलिंगच्या कामाला तोच नेतो.